एसटीतले डॉक्टर

नव्वदच्या सुमाराला जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत पलीकडच्या बाकावर एक अक्का बसल्या होत्या. तळहात काळवंडलेले, तळपाय लाल होऊन सोललेले. चपला त्यांना सोसतच नव्हत्या. त्यांच्या शेजारी बसलेल्या नानांनी एरंडेल सुचवलं, मागच्या बाईंनी मेंदी. कंडक्टरनं तर ‘उष्णता’ असं निदान करूनच तिकीट फाडलं.

“बठ्ठा डाक्टर आठेच शेतस!” सगळे डॉक्टर इथंच जमलेत म्हणून अक्का हसल्या. मग कॅन्सरच्या सलाईननं कातडी अशी झाल्याचं त्यांनी सांगितलं.

नाना ताडकन उठून दांड्याला लटकले. बाकीचे खिडकीबाहेर बघू लागले.

“बसा हो नाना, कॅन्सर लागत नाही,” मी म्हणालो.

“राहू द्या भाऊ,” म्हणत अक्कांनी रिकाम्या जागेवर अलगद पाय पसरले. “आते पायसले आराम पडना.”