काकांचं थीब्ज

थीब्ज हे प्राचीन ग्रीसमधलं शहर, पण काका त्याच्याबद्दल स्वतःच्या गावासारखं बोलत. "आमच्या थीब्जने स्पार्टाला लोळवलं," म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता. मग इथे परदेशात, टाकानिनीला मुलाकडे राहायला आले आणि आमचे शेजारी झाले.

सगळे अथेन्स आणि स्पार्टाचंच कौतुक करतात, हा त्यांचा राग. "अरे, स्पार्टा हरल्याबरोबर अथेन्सच्या पोटात दुखायला लागलं! थीब्ज वर आलं, तर हे दोन जुने वैरी एक झाले बघ." कुंपणाशी गाठ पडली की अर्धा तास गेलाच. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतानाही मी आधी त्यांचा कानोसा घ्यायचो.

माझ्या मुलीने, इराने, मात्र शाळेच्या प्रोजेक्टसाठी थीब्जच निवडलं. तीन आठवडे काका रोज चार वाजता यायचे. जेवणाच्या टेबलावर मसूर म्हणजे स्पार्टाचं सैन्य, हरभरे थीब्जचं. "डावीकडे पन्नास रांगा लाव. सगळा जोर तिथेच." ते मराठीत सांगत, ती इंग्रजीत उत्तर देई. कुणाचंच अडलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी काका कोट घालून दारात उभे. "कधी निघायचं?"

हे तिथे दिसेल त्या पालकाला धरून ठेवणार, या विचाराने मला आधीच लाज वाटली. म्हणालो, "काका, फक्त आईवडिलांनाच बोलावलंय हो."

"असं होय." त्यांनी कोटाचं बटण सोडलं. "इराला म्हणावं, सावकाश बोल."

शाळेत जवळजवळ प्रत्येक टेबलाशी कुणाचे तरी आजी-आजोबा होते. इराने माझ्या मागे पाहिलं. "व्हेअर इज काका?"

"त्यांना जरा बरं नाहीये," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात ते भारतात परत निघाले. मी त्यांची बॅग गाडीत ठेवत होतो. इरा आत गेलेली पाहून ते हळूच म्हणाले, "तिने फोटो दाखवले मला. सगळे आजोबा मस्त दिसतायत. आता बरं वाटतंय का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, हो, ताप होता त्या दिवशी."

मी डिकी बंद केली.

सहा महिन्यांनी काका गेल्याचं त्यांच्या मुलाने सांगितलं. इरा म्हणाली, "ही वॉज सिक दॅट डे टू, रिमेंबर?"

मी मान हलवली.