परदेशी टॅबचे कुलूप आणि तांदळातले नाव

धार येथील तहसील कचेरीच्या आवारात, कडुलिंबाखाली टेबल मांडून मी गेली अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. सरदारपूर आणि कुक्षी या गावांना स्वतःची तहसील आहे, तरी तिथले लोक वाट वाकडी करून माझ्याकडे येतात. माझ्या मजकुरास वजन असते असे त्यांचे म्हणणे असून माझेही तेच मत आहे. शाळा मी आठवीनंतर सोडली. पुढचे शिक्षण कचेरीने केले. पदवीधर मंडळींना हे रुचत नाही. परंतु सही नेमकी कुठे करायची, हे तीच मंडळी मला विचारत असल्यामुळे त्या विषयावर अधिक लिहिण्याचे कारण उरत नाही.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, यजमान वारल्यानंतर देवासला एकटीच राहत असे. गुडघ्यांनी जिना चढण्यास नकार दिला तेव्हा मी तिला धारला माझ्या घरी आणले. तिच्याबरोबर दोन ट्रंका, एक देव्हारा आणि एक टॅब आला. तिचा मुलगा अमेरिकेत असतो. मागल्या भेटीत तो हा टॅब तिकडून घेऊन आला होता. आईचे डोळे अधू, तेव्हा पडदा मोठा असावा, एवढे त्याच्या ध्यानात आले याचे आमच्या घरी फार कौतुक झाले. मुलाने आईचा विचार केला की आमच्याकडे ती बातमी होते. सुनेने केला तर तो कर्तव्यात जमा होतो. टॅब वास्तविक सुनेनेच निवडला होता आणि विकतही तिनेच घेतला होता, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ उशिरा कळली.

देवासला खालच्या मजल्यावरील भाडेकरूचे वायफाय होते आणि अक्का ते घरमालकिणीच्या हक्काने वापरीत असे. माझ्या घरी तसली सोय नाही. माझा फोन बटणांचा आहे आणि मला तो पुरतो. सौभाग्यवती तिरल्याच्या शाळेत शिकवते; तिचा फोन सकाळी तिच्याबरोबर जातो. आणि अमेरिकेतील सर्व शुभकार्ये नेमकी आमच्या सकाळीच होतात. तेव्हा टॅबमध्ये इथल्या कंपनीचे सिम घालणे हाच उपाय होता. सिम घातले. टॅबने ते पाहिले आणि, जावई पाहुणचाराला नावे ठेवतो त्या थाटात, हे सिम येथे चालणार नाही असे इंग्रजीत कळवले.

गोष्ट क्षुल्लक राहिली असती, परंतु अक्काला नात झाली होती. बारसे तिकडच्या शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्या शनिवारी सकाळी ठरले होते. विमानाचा प्रवास अक्काला झेपणारा नव्हता. तिचे मागणे एकच होते.

"पाळणा नाही हलवता आला तरी चालेल," ती म्हणाली. "पण पोरीच्या कानात नाव घालतात, ते मला बघायचंय."

मी टॅब घेऊन बसस्थानकाजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. सर्व प्रकारची कुलुपे उघडून मिळतील अशी तिथे पाटी होती. दुकानदाराने टॅब उलटसुलट केला, सिम काढले, पुन्हा घातले, आणि पाटीवरचा विश्वास त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू नाहीसा झाला. "भिया, ये वहीं की कंपनी से बँधा है," तो म्हणाला. "जिसके नाम पे लिया है, वो बोलेगा तो ही कंपनी खोलेगी." वस्तू आपण विकत घ्यावी, तिचे पैसे पूर्ण चुकते करावेत, आणि तरीही ती विकणाऱ्याचीच आज्ञा मानत राहावी, ही व्यवस्था ऐकून मला आमच्याकडील काही विवाहांची आठवण झाली.

भाच्याला कळवले. त्याचे उत्तर आले की, मामा, खाते हिच्या नावावर आहे, हिला सांगा, ही लगेच करील. माझा भाचा मोठा अभियंता आहे. तिकडे तो म्हणे पुलांचे आराखडे तपासतो. परंतु आई आणि पत्नी यांच्यामध्ये स्वतः पूल होण्याचा प्रसंग आला की त्याची सर्व विद्या संपते.

अक्काने साफ नकार दिला. सुनेपुढे हात पसरायचा नाही. याचे मूळ लग्नात होते. नवऱ्या मुलाने ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने बायकोचे नवे नाव लिहायचे, ही रीत आमच्या घराण्याने मराठी दरबारांबरोबर माळव्यात आणली आणि पुढे दरबार गेले तरी ती जपली. मराठीतले चार ओळींचे पत्र वाचताना अडखळणारी इथली मुले तांदळात नाव मात्र झोकात काढतात. भाच्यानेही काढले. नाव मी सुचवले होते. पत्रिकेतील आद्याक्षर, कुळाची परंपरा आणि उच्चाराचे गांभीर्य या तिन्ही अंगांनी ते निर्दोष होते आणि आजही आहे. मुलीने ते वाचले, मान तुकवली आणि कधीच स्वीकारले नाही. अक्का त्याच नावाने हाक मारी. सून दुसऱ्या हाकेला येई, कधी तिसऱ्या. पुढे दोघींमधले बोलणे भाच्यामार्फत होऊ लागले. आईंना सांग. तिला सांग. सातासमुद्रांपलीकडूनही ही टपाल व्यवस्था बिनचूक चालली होती.

तेव्हा प्रकरण मी हाती घेतले. मी जन्मात कोणापुढे विनवण्या केल्या नाहीत. मी अर्ज केले आहेत, आणि या दोहोंतला फरक कचेरीत बसल्याशिवाय समजत नाही. व्यवस्थापक महोदयांच्या सेवेत म्हणून मी हिंदीत मजकूर रचला. प्रार्थिनी वृद्ध व विधवा असून नातीच्या मुखदर्शनापासून वंचित आहे, हे पहिल्याच परिच्छेदात घेतले. शेजारच्या टंकलेखकाने त्याचे इंग्रजी केले, कोर्ट-फीचे तिकीट लावलेल्या प्रतीचा फोटो जोडला आणि सर्व ईमेलने रवाना झाले. परदेशी कंपनीला आपले तिकीट कशाला, असे त्याने विचारले. बिनतिकिटाचा अर्ज कोणी वाचत नाही, हे त्याला या आवारात इतकी वर्षे बसूनही कळलेले नव्हते.

कंपनीचे उत्तर तत्परतेने आले. त्यात आमचे तीनदा आभार मानले होते, दोनदा दिलगिरी होती, आणि शेवटी या टॅबच्या खात्यावर अशा नावाची कोणीही ग्राहक नाही असे लिहिले होते. आमच्याकडचा कारकून नकार देताना निदान मान वर करीत नाही. हे लोक नकार देताना हसतात. अर्जात मी सुनेचे नाव अर्थातच घराण्याने दिलेले लिहिले होते. दुसरे लिहिण्याचा प्रश्नच नव्हता.

आता माघार घेणे शक्य नव्हते. दुसऱ्या अर्जास मी शपथपत्र जोडले. सदर स्त्री आमच्या कुटुंबात याच नावाने ओळखली जाते, व अन्य कोणतेही नाव कुटुंबास मान्य नाही. पुरावा म्हणून लग्नाच्या अल्बममधील तांदळाच्या ताटाचा फोटो जोडला. त्यात अक्षर स्वच्छ वाचता येते. असा भक्कम अर्ज माझ्या हातून क्वचितच उतरला असेल. कंपनीने तो वाचला, आणि परक्या नावाची कोणी व्यक्ती खाते बळकावू पाहत आहे असे ठरवून, खऱ्या ग्राहकाला सावध केले.

गुरुवारी संध्याकाळी सौभाग्यवतीच्या फोनवर सुनेचा फोन आला. तो मला देण्यात आला.

"मामा, माझ्या खात्यावर कोणी तरी हक्क सांगून राहिलंय, असं कंपनी म्हणते," ती म्हणाली. "सोबत तांदळाच्या ताटाचा फोटो आहे."

शपथपत्र कायदेशीर असल्याचे मी तिला समजावून दिले. तिने सर्व ऐकून घेतले.

"त्यात लिहिलंय की माझं दुसरं नाव कुटुंबाला मान्य नाही. कंपनीला तेवढंच मान्य आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "टॅबचं कुलूप मी काढून देते. फोन जरा आईंजवळ ठेवा."

फोनचा आवाज मोठा करून मी तो अक्कासमोर धरला.

"आई, बारसं बघायचंय ना?"

"बघायचंय," अक्का म्हणाली.

"मग मला हाक मारून सांगा. तांदळातल्या नावानं नको."

अक्काने माझ्याकडे पाहिले. कोणाच्या जमिनीचा खसरा नंबर काय, कोणाची तहसिलीतली पेशी कोणत्या दिवशी, हे मला विचारावे आणि मी सांगावे, असा घरचा शिरस्ता आहे. परंतु त्या मुलीचे माहेरचे नाव मला आठवेना. अक्कालाही आठवेना. लग्नाची पत्रिका छापण्यापूर्वी आम्ही ते वाचले असणार, एवढेच खात्रीने सांगता येत होते.

तेव्हा कणीक मळता मळता सौभाग्यवतीने ते नाव सांगितले. तिला ते कसे काय ठाऊक, असे मी विचारले.

"आपलं गेलं की दुसरीचं लक्षात राहतं," ती म्हणाली आणि पुन्हा कणकेकडे वळली. तिच्या बोलण्याचा संदर्भ मला तेव्हा लागला नाही.

अक्काने ते नाव आधी मनाशी म्हणून पाहिले. ओठ हलले तेवढे दिसले. मग फोनकडे वाकून तिने ते मोठ्याने उच्चारले, आणि म्हणाली, "मला माझ्या नातीचं बारसं दाखव."

"दाखवते, आई," असे म्हणून सुनेने फोन ठेवला.

माझ्या दुसऱ्या अर्जामुळे कंपनीने खात्याभोवती पहारा बसवला होता, आणि आता खुद्द मालकिणीलाच आपली ओळख पटवावी लागत होती. शुक्रवार त्यात गेला. शनिवारी सौभाग्यवती फोन घेऊन परीक्षेच्या कामाला निघून गेली, तेव्हाही टॅब आमचे सिम नाकारीतच होता. अक्का जरीकाठी पातळ नेसून बसली होती. देव्हाऱ्यापुढच्या चौरंगावरून पोथी हलवून तिथे टॅब टेकवला होता, आणि ती त्याकडे अशी पाहत होती की देवही थोडे अवघडले असावेत. तिकडे पाळणा सजला असेल, बायका जमल्या असतील, असे ती मधूनमधून बोलत होती. मी तिसऱ्या अर्जाचा मजकूर मनात जुळवू लागलो.

तेवढ्यात सुनेने माझ्या बटणांच्या फोनवर कुलपाचा आकडा पाठवला. तो टॅबमध्ये घातला तशी पडद्यावर सूचना आली की टॅब आता कोणत्याही कंपनीचे सिम चालवू शकेल. कोपऱ्यात नेटवर्कच्या रेघा उभ्या राहिल्या आणि लगेच भाच्याचा कॉल वाजला. तिकडे पाळणा म्हणून बाळाच्या कठड्याच्या खाटेला फुले बांधली होती. भाच्याला बहीण नसल्याने आत्याचा मान कोणा मैत्रिणीला दिला होता. तिने बाळाच्या कानाला लागून कुर्र केले आणि नाव सांगितले. अक्काला ऐकू आले नाही. तिने पडद्याकडे तोंड नेऊन सुनेला हाक मारली, तिच्या स्वतःच्या नावाने, आणि या वेळी कोणी सांगितले नव्हते.

सून पहिल्या हाकेला आली. तिने बाळाला उजेडात धरले आणि नाव पुन्हा सांगितले. आद्याक्षर पत्रिकेशी जुळत नसावे अशी मला शंका आली, परंतु अक्काने हाताने मला गप्प केले.

कॉल संपल्यावर तिने टॅब उचलून पोथी पुन्हा चौरंगावर ठेवली. मग म्हणाली, "एक अर्ज लिहून ठेव. माझ्या नातीच्या लग्नात कोणी तांदूळ पसरले तर त्याच्याविरुद्ध."

घटना घडण्यापूर्वी तिच्याविरुद्ध अर्ज चालत नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले.

"मग तेवढी वर्षं जग," अक्का म्हणाली.