शेवटचं कोण?

एवेलिओ मास्तर आमच्या मातान्झासच्या शाळेत संगणक शिकवायचे. वीज गेली, आणि ती रोजच जायची, की वर्ग उचलून थेट दुकानापुढच्या रांगेत न्यायचे. प्रोग्रॅममधली रांग मी तिथेच शिकले.

"मागून आत, पुढून बाहेर. मध्ये घुसायला दार नाही," ते म्हणायचे.

आमच्याकडे ओळीत कोणी उभं राहत नाही. जो तो सावली धरतो. आल्यावर विचारायचं, "शेवटचं कोण?" हात वर होईल त्याच्या मागे आपण. तेवढा एक चेहरा ध्यानात ठेवायचा.

"यादी कुणाकडेच नाही, तरी रांग चुकत नाही. का? शेवटचा माणूस जागा सोडत नाही म्हणून. तोच पसार झाला तर नवा येणारा स्वतःला जोडणार कुणाला?"

शिकवणं झकास होतं. पण मास्तर तसेच जगायचेही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

बायको गेल्यावर घरात ते आणि मुलगी यामिले, एवढेच. गेल्या मार्चात ती उरुग्वेला निघाली, कायमची. विमानतळाची बस तीनची होती. एक वाजता मास्तर तिच्या आवडीची पेरूची वडी आणायला गेले. माल अडीचला आला. त्यांच्या पुढे शेजारच्या एनेइदाबाई आणि आणखी दहाजण, मागे कोणीच नाही. अर्धी गल्ली देश सोडून गेलेली, घरांना कुलपं, येणार तरी कोण?

एनेइदाबाईंनी नंतर मला सगळं सांगितलं. पावणेतीनला त्या म्हणाल्या होत्या, "अहो मास्तर, निघा आता. कोणी आलं तर मी सांगते."

"तुमचा नंबर लागला की तुम्ही घरी. मग कोण सांगणार?"

"रांग मोठी की पोरगी मोठी?"

मास्तर घड्याळाकडे बघत राहिले. मला विचाराल तर निरोप देण्याची त्यांची छातीच नव्हती.

त्या वेळी मी बसपाशी होते. यामिले खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. "बाबा रांगेत अडकले असतील," ती म्हणाली. बस वेळेवर सुटली. मला रडू आवरेना. तशीच चालत दुकानापाशी आले आणि सवयीने विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी." मास्तरांचा हात केव्हाचा तयार होता. "आलीस, बरं झालं. मी निघतो. तू आता एनेइदाबाईंच्या मागे, शेवटची. बस अजून असेल ना गं?"

उत्तराची वाट न बघता ते पळत सुटले, सहासष्ट वर्षांचा माणूस, रिकाम्या हातांनी.

हाक मारायला हवी होती. निदान मागोमाग जायला हवं होतं, त्या थांब्यावर ते एकटे पोहोचणार होते. पण शेवटची आता मी होते. माझ्या मागे कोणी येईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.