मराठी हाच अँटिव्हायरस

आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कॉम्प्युटर आला आणि बाबांनी स्वतःला त्याचा खातेप्रमुख नेमून टाकलं. "अँटिव्हायरस कशाला हवाय? आपण सगळं मराठीत लिहितो. या दिल्लीत कोणाच्या बापाला कळणार आहे?" भाजीवाल्याच्या तोंडावर "लुटतोय हा, चल पुढे" असं मोठ्यांदा म्हणत ज्यांची नोकरी सरली, त्यांना दुसरं काय सुचणार! मलाही ते पटलं. बिल्कुल पटलं.

मी गुडगावच्या एका नव्या कंपनीत लागले होते. तिथलाच एक मुलगा मला आवडत होता, आणि त्याच्याबद्दल मी पुण्याच्या मावसबहिणीला इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत मनसोक्त मेल लिहायचे. बाबांना सांगायची मात्र छाती होत नव्हती. त्यांनी तर पुण्याचं एक स्थळ येत्या रविवारी बोलावूनही ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बिथरला. माऊस हलवला की लॉटरी लागल्याच्या खिडक्या उघडायच्या. बाबांनी मार्केटमधल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने बराच वेळ खाटखूट केली आणि तोंड पाडून म्हणाला, "अंकल, जासूस बैठा है. इस पर लिखी एक-एक चिट्ठी पढ़ी जा रही है."

चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली. "अहो, एकेक नाही हो! फक्त हिने मावसबहिणीला लिहिलेल्याच!"

अगं आई गं! जगभरच्या हेरांपासून मराठीने मला वाचवलंही असेल. पण मराठी येणारा हेर घरातच चहा करत होता, त्याचं काय?

"काय लिहिलंय हिने?" बाबांनी विचारलं.

आई एकदा सुटली की सुटली. "ऑफिसातला मुलगा आहे. चांगला आहे हो, हिला जपतो. फक्त पानिपतचा आहे."

"पानिपत? एकदा मार खाल्ला तो पुरे नाही झाला?"

बाबा मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे तुला माहीत, पुण्याला माहीत, त्या जासुसालाही माहीत. मीच तेवढा परका?" मला रडूच फुटलं.

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून घाबरले, बाबा."

"अंकल, निकाल दूँ इसको?" मेकॅनिकने विचारलं. बाबा उठले आणि त्यांनी पुण्याला फोन लावला. "रविवारी येऊ नका हो. आमच्या घरात व्हायरस शिरलाय."

कुठून आला, असं पलीकडून विचारलं असावं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"पानिपतहून," ते म्हणाले. "आता तो काही जायचा नाही."