जेवणाआधी लागणारा दिवा

जुन्या बसचा ब्रेकचा लाल दिवा मनाला येईल तेव्हा लागे. आज दोष सापडला नाही तर बस भंगारात, असं साहेबांनी बजावलं होतं. ड्रायव्हरकाकांचा तर तिच्यावर पोटच्या लेकीसारखा जीव! मिस्त्रींनी ब्रेकचं तेल पाहिलं, तारा तपासल्या, स्वतः बस फिरवून आणली. दिवा आपला गप्प.

"तुम्हाला बघून लाजते ती," काका म्हणाले. "माझ्यासमोर मात्र जेवणाआधी हमखास डोळे वटारते. जेवण झालं की एकदम गुणी!"

"अहो काका, भूक तिला लागते की तुम्हाला?" म्हणत मिस्त्री सकाळच्या फेरीला त्यांच्या शेजारी बसले.

पहिल्याच वळणावर दिवा लागला. मिस्त्रींनी खाली पाहिलं. हँडब्रेकच्या दांड्याला काकांचा भरलेला डबा लटकत होता. तो झुलला की दांडा जरासा ओढला जाई आणि दिव्याला वाटे, ब्रेक लागला!

मिस्त्रींनी डबा मांडीवर घेतला. दिवा विझला.

काकांचा चेहरा पडला. "साहेबांना काय सांगणार?"

"बस ठणठणीत आहे, काकूंचा हात तेवढा सढळ आहे, म्हणून सांगतो."

समोर चिटपाखरू नव्हतं, तरी काकांनी ऐटीत हॉर्न वाजवला.