अण्णांचा फोन

वडील सकाळी गेले. दुपारपर्यंत आमच्या तेर गावातल्या घरासमोर अख्खी गल्ली जमली, पण कुणीच काही करत नव्हतं. तिरडीचे बांबू भिंतीला टेकवलेले, कडब्याची पेंढी न सोडता तशीच. माणसं कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी उभी होती.

बहीण सोलापूरहून निघाली होती. तामलवाडीजवळ तिची एसटी बंद पडली होती.

"दिवस मावळायच्या आत उरका," गर्दीतून कुणी म्हणालं.

"लेकीला तोंड दिसू द्या की!"

सरपंच आले, हात जोडून खुर्चीवर बसले आणि माझ्याकडं बघू लागले. मला तिरडीची गाठसुद्धा येत नव्हती.

तेवढ्यात खुंटीवरच्या सदऱ्यात वडिलांचा फोन वाजला. मी घेतला.

"अण्णा, वखारीतून बोलतोय. तुमच्या गल्लीत मयत झालीया म्हणं. लाकडं कवा धाडू?"

मी म्हणालो, "अण्णाच गेले."

पलीकडून हलक्या आवाजात, "मग आता आमी इचारायचं कुणाला?"

फोन हातात धरून मी तसाच उभा राहिलो. शेजारचे शिलाईवाले चाचा जवळ आले. वखारवाला काय म्हणाला ते मी सांगितलं.

"तुला ठाऊक न्हाय व्हय? गल्लीतली एक मयत अण्णाबगैर उचलली न्हाय. माझी अम्मी गेली तवा कबरस्तानात पाण्याची घागर घेऊन उभा होता."

मला खरंच ठाऊक नव्हतं. अण्णा शाळेत शिपाई होते. घरात दिवसाकाठी चार शब्द बोलायचे. खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर पडले की मला वाटायचं, पारावर बसायला चालले. मागच्याच महिन्यात मी धाराशिवच्या कॉलेजात मुलांपुढं नेतृत्वावर तासभर बोललो होतो. दाखले सगळे पुस्तकांतले. वडील समोर बसले असते तरी दाखला म्हणून मला ते आठवले नसते.

"ते सगळ्यात आधी काय करायचे, चाचा?"

"काय न्हाय. दारात उभं राहून एकच इचारायचा, कोण यायचं राहिलंय?"

मी दारात गेलो. मोठ्यानं विचारलं, "कोण यायचं राहिलंय?"

सगळ्या माना वळल्या. "तुमची ताई," कुणीतरी म्हणालं.

"मग थांबू."

एवढंच. आणि माणसं हलली. कुणी जीप काढून तामलवाडीला निघालं. कुणी कडबा सोडला. वखारीला निरोप गेला. चाचांनी सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं. "धर. गाठ मी दावतो."

ऊन कलताना बहीण आली. तिनं अण्णांच्या तोंडावरून हात फिरवला, बराच वेळ. कुणी घाई केली नाही.

मग पुन्हा सगळे माझ्याकडं बघू लागले. ती नजर कसली, हे आता मला कळलं होतं.

"उचला," मी म्हणालो.