बारवेच्या दारातला सोफा

साखरखेर्ड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या कडेला बारव, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी दगडी विहीर. तिच्या उत्तरेकडच्या भिंतीला पोट आलं होतं. मी तिथं जन्मभर पाणी पाहिलं. पोट दाखवायला गुरुजी लागले. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आणि बाकीचे निवृत्त लोक रक्तदाब मोजत बसतात त्या वेळात त्यांनी आम्हा सात-आठ जणांकडून बारवेतला गाळ उपसून घेतला. भिंतीच्या प्रत्येक दगडावर त्यांनी रंगानं आकडा घातला होता. भिंत पुढचा पावसाळा काढणार नाही, असं त्यांचं मत होतं. चुन्यातलं काम जाणणारा एकच कारागीर त्यांना माहीत होता, आणि तो भाऊबीज झाली की जालन्याकडे मोठ्या कामावर जाणार होता. त्याआधी त्याच्या हातात विसाराचे पैसे पडायला हवे होते.

म्हणून पाडव्याच्या पहाटे बारवेतच गाण्याचा कार्यक्रम ठरला. श्रोते पायऱ्यांवर, गायिका खालच्या ओट्यावर, शेवटी झोळी फिरवायची. गुरुजींची अट एकच, सत्कार नको. ही अट बैठकीत चहा येईपर्यंत टिकली.

"पाहुण्याले पायरीवर बसवता काय?" बिछायतवाला म्हणाला. मांडव, खुर्च्या, गाद्या भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा, आणि आमच्यातला तोच एक स्वयंसेवक सामानासकट होता. "लोकं काय म्हणतीन?"

"पायरी बसाचीच गोष्ट आहे," गुरुजी म्हणाले.

"थे तुमच्या-माह्यासाठी, गुरुजी. साहेबासाठी सोफा लागते."

साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. त्यांच्या सोफ्याला गुरुजींची हरकत नव्हती, त्यांच्या जाण्याला होती. साहेब भाषण करतात आणि पुढच्या कार्यक्रमाला निघतात. त्यांना गाडीपर्यंत पोचवायला सगळं गाव उठतं, आणि पोचवायला गेलेलं गाव परत येत नाही. झोळी फिरायची ती रिकाम्या पायऱ्यांवर. मी आधी झोळी, मग साहेब असं सुचवलं. सगळ्यांनी माझ्याकडे मी मंदिरात चपला घालून आल्यासारखं पाहिलं.

पाडव्याला अंधारातच पायऱ्यांवर पणत्या लागल्या. मी उपस्थितांना घोंगड्या वाटत होतो. साहेब वेळेवर आले. त्याची तयारी कोणीच केली नव्हती. दव लागू नये म्हणून सोफा अजून वर ट्रॉलीत प्लास्टिकखाली होता. साहेब तोवर खाली उतरले, आणि मागून चौघं जण लाल मखमलीचा सोफा घेऊन निघाले. बारवेला उतरायला एकच दगडी दार आहे. ते बांधणाऱ्यानं सोफ्याचा विचार केलेला नव्हता. सोफा निम्मा आत आला आणि बसला.

आत साहेब. बाहेर त्यांचे कार्यकर्ते, शाल, नारळ, हार आणि लिहून आणलेलं भाषण. पोरंसोरं कठडा चढून ये-जा करू शकत होती. खादीच्या धोतराला तो मार्ग नव्हता.

"चौकटीचा एक दगड हालवला तं निंघन," बाहेरून कोणीतरी म्हणालं. पहारही आली.

गुरुजी दारात जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "सोफा तोडा. दगडाले हात लावाचा नाही."

"सोफा माहा हाय, गुरुजी," बिछायतवाला म्हणाला. "अजून तीन लग्नं हायेत त्याले."

दोघंही हटेनात. मग गुरुजींनी गायिकेकडे पाहून मान हलवली. त्या बुलढाण्याच्या, कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या. भाषणं संपण्याची वाट पाहण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी एक क्षण दवडला नाही. भैरव सुरू झाला आणि साहेब, जागा मिळेल तिथं, उत्तरेच्या भिंतीला टेकून पायरीवर बसले.

गाणं चांगलं झालं. दगडांत आवाज असा फिरत होता की आमच्या गावात शांतता पाळता येते हे मला प्रथमच कळलं. उजाडल्यावर साहेबांना मागच्या दगडावरचा आकडा दिसला.

"गुरुजी, हे आकडे कायचे?"

"भिंत पडली की दगड जागच्या जागी लावता यावे म्हणून."

"कोणती भिंत?"

"तुम्ही जिले टेकले, थे."

साहेब उठले आणि समोरच्या बाजूला जाऊन बसले. त्यांच्यासोबत पन्नासेक माणसं सरकली. मग त्यांनी माइक मागितला. कागद बाहेर असल्यामुळे भाषण दोन वाक्यांचं झालं. "ही भिंत लवकर बांधा. कोणाले तसं वाटत नसन तर त्यानं तिथं जाऊन बसावं."

कोणी गेलं नाही.

तेवढ्यात बिछायतवाल्यानं, गाणं ऐकून म्हणा की उन्हात मखमल विटेल म्हणून, स्वतःच पाना मागवला आणि सोफ्याचा एक हात खोलून काढला. दारात फट झाली, एका माणसापुरती. साहेब निघाले, आणि रिवाजाप्रमाणे सगळं गाव त्यांना पोचवायला उठलं. फक्त या वेळी ते एकेक करून निघत होतं, पोट आत घेऊन, आणि फटीच्या तोंडाशी गुरुजी झोळी पसरून उभे होते.

"सरकून घ्या भाऊ," ते प्रत्येकाला म्हणत होते. "घाई नाही."

भाऊबीजेच्या सकाळी कारागीर आला. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, जालन्याला फोन लावला आणि आपण महिनाभर उशिरा येऊ असं सांगितलं. गुरुजी पहिल्या क्रमांकाचा दगड पुसत होते.